पडक्या मठाचा सातबारा

1697 साली डब्लिनच्या संसदेने एक कायदा केला. कॅथलिक बिशपांनी आणि मठवासी साधूंनी आयर्लंड सोडून चालते व्हावे, हा त्याचा मुख्य उद्देश. पण त्यातले एक कलम मेलेल्या माणसांसाठी होते. बंद पाडलेल्या मठात सरकारमान्य प्रॉटेस्टंट उपासना चालत नसेल, तर तिथे कुणाचेही प्रेत पुरायचे नाही. पुरले तर दहा पौंड दंड. वर्षभर राबूनही शेतमजुराच्या हाती पडत नसे, एवढी ही रक्कम. तरीही लोक पुरत राहिले. छप्पर उडालेल्या, आयव्हीच्या वेलींनी वेढलेल्या त्या मठांत आज हिंडायचे म्हटले, तर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या थडग्यांतून वाट काढावी लागते.

पडक्या भिंतींच्या आत कोण कुणाला पुरतो याची राज्यकर्त्यांना एवढी पंचाईत का पडावी? कारण सरळ आहे. जिथे बापजाद्यांची हाडे, तिथे हक्क, असे कुळे मानत होती आणि हा हक्क कुठल्याही कागदावर नव्हता. आयर्लंडच्या मठांभोवती ज्या शेकडो दंतकथा सांगितल्या जातात, त्या या कलमाशेजारी ठेवून वाचल्या तर वेगळ्याच दिसू लागतात. एरवी त्यांच्याकडे दोनच नजरांनी पाहिले जाते. एक पर्यटकाची: काय गोड कल्पना! दुसरी भाविक देशभक्ताची: बघा, दीड हजार वर्षांपूर्वीची आठवण लोकांनी कशी जपली! दोन्ही नजरा चुकतात. यांतल्या बहुतेक कथा मठाच्या भरभराटीच्या काळाबद्दल फारसे खरे सांगत नाहीत. मठ पडल्यावर, किंवा पडण्याच्या भीतीत, जे लोक त्याच्या आसपास जगले त्यांचा कायदा त्या सांगतात. कागद नसलेल्यांचा तो सातबारा होता.

मागची हकिकत थोडक्यात अशी. आठव्या हेन्रीने 1536 नंतर आयर्लंडमधले मठ बरखास्त करायला सुरुवात केली आणि त्यांच्या जमिनी राजनिष्ठ माणसांना वाटल्या. 1552 मध्ये ॲथलोनच्या इंग्रज शिबंदीने शॅनन नदीकाठचा क्लॉनमॅकनॉइजचा मठ असा लुटला की, आयरिश बखरकारांच्या नोंदीप्रमाणे, तिथे ना घंटा उरली, ना मूर्ती, ना ग्रंथ, ना खिडकीतली काच. पुढे 1649 मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेल आला आणि उरल्यासुरल्याचीही वाट लागली. जमीन जमीनदाराची, चर्च सरकारचे, न्यायालय दोघांचे. 1704 च्या कायद्याने पवित्र विहिरींवर जमणाऱ्यांनाही दहा शिलिंग दंड लावला. दंड भरला नाही तर चारचौघांत फटके.

अशा वेळी किलार्नीजवळच्या मकरॉस मठातल्या यू वृक्षाची कथा पाहावी. हा फ्रान्सिस्कन मठ 1448 च्या सुमाराचा. त्याच्या मधल्या चौकात एक प्रचंड यू वृक्ष आहे आणि चारही बाजूंच्या कमानदार ओवऱ्या त्याच्याकडे तोंड करून उभ्या आहेत. या झाडाची फांदी तोडील तो वर्ष उलटायच्या आत मरेल, असे सांगतात. ऐकायला ही नेहमीची झाडाच्या शापाची गोष्ट. पण शाप कुणासाठी होता, हे विचारायला हवे. मठाच्या आवारातले लाकूड तोडायची मुभा आणि ताकद ज्याच्याकडे होती, तो गावातला गरीब कॅथलिक नव्हता. झाड वाचवायला त्या गरिबाला कोर्टात जाता येत नव्हते. शापाला मात्र वकील लागत नाही. झाड अजून उभे आहे. केरी परगण्यातले काही नामांकित आयरिश कवी, इंग्रजी राजवटीत ज्यांचे आश्रयदाते बुडाले ते, याच मठात विसावले आहेत असे मानतात. ओगन ओ राहिली हे त्यांतले एक नाव.

यावर कुणी म्हणेल की शाप तर जगभर असतात, त्यात कायदा कुठून आला? या शंकेचे उत्तर एका शत्रूनेच देऊन ठेवले आहे, तेही आठशे वर्षांपूर्वी. वेल्सचा जेराल्ड हा धर्मगुरू नॉर्मन सरदारांच्या कुळातला. आयर्लंडवर चालून गेलेल्यांत त्याचे मामा आणि मामेभाऊ होते. 1185 मध्ये राजपुत्र जॉनबरोबर तोही तिथे गेला आणि दोन-तीन वर्षांत त्याने त्या देशाचे वर्णन लॅटिनमध्ये लिहून काढले. ग्रंथ पूर्वग्रहांनी ठासून भरलेला आहे. आयरिश माणसांविषयी त्याला जवळजवळ काहीच चांगले बोलवत नाही. पण कथा ऐकायला त्याचा कान तिखट होता. वेस्टमीथमधल्या फोर या गावची एक गोष्ट तो सांगतो. तिथे संत फेहीन याची गिरणी होती आणि तिच्यात बाईने पाऊल टाकायचे नाही असा दंडक होता. नॉर्मन सरदार ह्यू द लेसीच्या फौजेतल्या एका तिरंदाजाने एका बाईला ओढत त्या गिरणीत नेले आणि तिच्यावर अत्याचार केला. त्याच रात्री त्याच्या अंगाची आग आग होऊन तो मेला. किल्डेअरमधली दुसरी गोष्ट संत ब्रिजिडच्या अखंड अग्नीची. त्याभोवतीचे कुंपण पुरुषाने ओलांडायचे नसे. एका नॉर्मन तिरंदाजाने ते उडी मारून ओलांडले आणि त्याला वेड लागले.

दोन्ही कथांत शिक्षा होते ती परक्या फौजेतल्या हत्यारबंद माणसाला. जेराल्डच्या हेही लक्षात आले की आयर्लंडचे संत इतर देशांतल्या संतांपेक्षा फार सूडबुद्धीचे दिसतात. त्याची कारणमीमांसा चकित करणारी आहे. या लोकांकडे किल्ले नाहीत, देशात लुटारू मोकाट आहेत, म्हणून लोक आणि विशेषतः धर्मगुरू चर्चलाच किल्ल्यासारखे वापरतात. तेव्हा चर्चच्या शत्रूंना वरचेवर जबर शिक्षा होणे भागच आहे, असे तो लिहितो. म्हणजे जिथे तटबंदी नाही तिथे शाप असतो. लोककथेचे हे विश्लेषण करणारा माणूस लोकसाहित्याचा अभ्यासक नव्हता, चढाई करणाऱ्यांच्या घरातला होता. म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे.

फोर गावात आजही सात आश्चर्ये दाखवतात. दलदलीवर उभा राहिलेला मठ, कालवा नसलेली गिरणी, चढावर वाहणारे पाणी, न जळणारे लाकूड, न उकळणारे पाणी, दगडात राहणारा एकांतवासी, आणि संताच्या प्रार्थनेने वर चढलेली दारावरची प्रचंड शिळा. यांतल्या काहींचा उलगडा कुणीही करू शकेल. टेकडीपलीकडच्या लीन सरोवराचे पाणी चुनखडीच्या डोंगरातून जमिनीखालून झिरपत इकडे येते, म्हणून ते उलटे आल्यासारखे वाटते. एकांतवासीही खराच, कोठडीत स्वतःला आयुष्यभर कोंडून घेणारे साधक तिथे सतराव्या शतकापर्यंत होते, जेव्हा खालचा मठ केव्हाच बंद पडला होता. पण न उकळणारे पाणी आणि न जळणारे लाकूड यांचा उलगडा भूगर्भशास्त्रात शोधणे हा वेडेपणा आहे. त्यांतून सांगायचे ते इतकेच: हे पाणी चुलीवर ठेवू नका, हे झाड सरपणाला तोडू नका. निसर्गाच्या नियमाचे कपडे घातलेला हा गावाचा मनाई हुकूम आहे. गंमत अशी की याच झाडाला नवस बोलणाऱ्यांनी बुंध्यात नाणी ठोकून ठोकून बेजार केले. राखणदार कथेने आपल्या राखणीतल्या वस्तूची नासधूस केल्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही.

क्लॉनमॅकनॉइजलाही तेच झाले. हा मठ सहाव्या शतकाच्या मध्यावर संत किरान याने स्थापला आणि काही महिन्यांतच तो ऐन तारुण्यात साथीने गेला. त्याच्या समाधीचे म्हणून जे छोटे देऊळ दाखवतात, तिथली माती शेताच्या चार कोपऱ्यांत टाकली की पिकाला आणि गुरांना रोग लागत नाही, अशी समजूत होती. शेतकरी पिढ्यान् पिढ्या मूठमूठ माती नेत राहिले. जमीन इतकी खचली की शेवटी वर फरशा बसवाव्या लागल्या.

आता सगळ्याच कथा हक्काच्या भांडणातून आल्या असे म्हणणे हा हट्ट होईल. गॉलवेतल्या किलमॅकडुआचा संत कोल्मन याच्याजवळ एक कोंबडा होता, एक उंदीर आणि एक माशी. कोंबडा त्याला प्रार्थनेसाठी उठवी, उंदीर त्याला पुन्हा झोपू देत नसे, आणि माशी पुस्तकातल्या ओळीवर बसून राही, म्हणजे वाचन मध्येच थांबवले तरी जागा सापडावी. यात कुठलाही दावा नाही. हा निव्वळ आनंद आहे, आणि रोज पहाटे उठणाऱ्या साधूंची कुणीतरी प्रेमाने केलेली थट्टाही. पण त्याच कोल्मनची दुसरी गोष्ट घ्या. बरेनच्या खडकाळ रानात तो उपाशीपोटी उपास सोडायला बसला असता राजा ग्वारेच्या ताटांना पंख फुटले आणि मेजवानी हवेतून त्याच्याकडे उडत आली. राजा आणि त्याचे घोडेस्वार ताटांमागे धावत रानात पोहोचले. संत सापडला, तो आपलाच नातलग निघाला, राजाने त्याला मठासाठी जमीन द्यायचे कबूल केले. जागा कुठली? जिथे कोल्मनचा कमरपट्टा आपोआप गळून पडेल ती. त्या रानातला एक खडकाळ रस्ता आजही ताटांचा रस्ता म्हणून दाखवतात. गोष्ट हसत हसत शेवटी कुठे येते, तर जमिनीच्या दानपत्रावर.

विकलोच्या डोंगरातल्या ग्लेनडालॉक मठाची हंसीची गोष्टही त्याच वळणाची. म्हाताऱ्या राजा ओ'टूलची लाडकी पाळीव हंसी उडेनाशी झाली. संत केविन म्हणाला, मी तिला पुन्हा तरुण करतो, पण ती जेवढ्या जमिनीवरून उडेल तेवढी माझी. हंसीने सगळ्या दरीला फेरी मारली. केविन सहाव्या शतकातला, त्याच्या मृत्यूचे परंपरेने सांगितले जाणारे वर्ष 618. ओ'टूल घराणे मात्र विकलोच्या डोंगरात स्थिरावले ते नॉर्मन आल्यानंतर. त्याच्या थोडे आधी, 1153 मध्ये, याच घराण्यातला लॉरेन्स ग्लेनडालॉकचा मठाधिपती झाला होता. म्हणजे केविन आणि राजा ओ'टूल यांची गाठ पडणे शक्य नव्हते. इतिहासकार अशी विसंगती दाखवून कथा बाजूला सारतात. वास्तविक ही विसंगतीच तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग. मातीच्या थरात सापडलेल्या नाण्यावरून थराचा काळ कळतो; कथेतल्या ओ'टूलवरून कथेचा काळ कळतो. बाराव्या शतकाआधी ती अशी सांगितली गेली नसावी. आणि तिचे काम उघड आहे: स्थानिक सरदार आणि मठ यांच्यात दरी नक्की कुणाची, याचा निवाडा तिला संताच्या बाजूने द्यायचा होता.

कथा जागा बदलतात, याचा तर लेखी पुरावा आहे. आकाशातून जाणाऱ्या जहाजाची गोष्ट आता क्लॉनमॅकनॉइजची म्हणून जगभर प्रसिद्ध आहे: साधू प्रार्थना करत होते, वरून जहाज आले, नांगर चर्चमध्ये अडकला, एक खलाशी दोरावरून पोहत खाली आला, आणि इथल्या हवेत तो गुदमरेल म्हणून साधूंनी त्याला सोडवून परत पाठवले. आयरिश बखरींत आठव्या शतकाच्या मध्यावर फक्त एवढीच नोंद आहे की हवेत जहाजे दिसली. अडकलेला नांगर आणि खाली उतरणारा खलाशी नंतर आले, आणि जुन्या आयरिश पाठात हा प्रसंग मठात नाही, टेल्टनच्या राजसभेत घडतो. तेराव्या शतकातल्या एका नॉर्वेजियन ग्रंथात तो किरानच्या चर्चमध्ये पोहोचलेला दिसतो. त्याच काळात टिल्बरीच्या जर्व्हेसने तसलीच गोष्ट इंग्लंडमधली म्हणून सांगितली आहे. राजसभा ओस पडली, मठ मोठा झाला, गोष्टीने बिऱ्हाड हलवले. लोकस्मृती अखंड असते असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी या जहाजाचा प्रवास जरूर तपासावा.

आणि भोळेपणा हा खेडुतांचाच मक्ता, असेही कुणी समजू नये. मठांजवळ दिसणारे उंच, निमुळते, गोल मनोरे कुणी बांधले, यावर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या विद्वानांनी जे तारे तोडले, त्यापुढे संताची माशी फिकी पडावी. ब्रिटिश लष्करातला अभियंता चार्ल्स व्हॅलन्सी याला आयरिश संस्कृतीत फिनिशियन आणि पौर्वात्य मुळे दिसत. हेन्री ओब्रायन याने 1834 मध्ये भले मोठे पुस्तक लिहून हे मनोरे बौद्धांचे आणि लिंगपूजकांचे असल्याचे जाहीर केले. पूर्वेकडून आलेल्या लोकांनी म्हणे ते उभारले. मराठी वाचकाला यात आपल्याकडच्या काही ग्रंथकारांची लेखनशैली ओळखीची वाटली तर नवल नाही. रॉयल आयरिश अकादमीने या विषयावर निबंध मागवले होते. सुवर्णपदक मिळाले जॉर्ज पेट्रीला. ओब्रायनच्या हाती वीस पौंडांचे उत्तेजनार्थ बक्षीस पडले, आणि तो कमालीचा संतापला. पेट्रीने 1845 मध्ये आपले संशोधन ग्रंथरूपाने मांडले: मनोरे ख्रिस्ती मठांचे आहेत, घंटेसाठी बांधलेले आहेत, आणि मौल्यवान वस्तू सुरक्षित ठेवायलाही ते वापरत. त्यासाठीच तर किलमॅकडुआच्या मनोऱ्याचे दार जमिनीपासून सात मीटरांहून उंचावर आहे. हे खेड्यातल्या माणसाला नवे नव्हते. गोबान सेर नावाच्या एका चतुर गवंड्याने मठांसाठी मनोरे बांधले, असेच तो सांगत होता. गवंडी काल्पनिक असेल, पण मनोरा गवंड्याने मठासाठी बांधला हे बरोबर होते, आणि बुद्ध चूक.

गोबान सेरची कबर म्हणून जी जागा दाखवतात, ती टिपररी परगण्यातल्या डेरिनाफ्लॅनला आहे: दलदलीच्या मधोमध कोरड्या जमिनीचे बेट, त्यावर जुन्या मठाच्या पडक्या भिंती. पडक्या मठाखाली सोने असते ही आयर्लंडमधली बहुधा सर्वांत पसरलेली दंतकथा. त्यावर काळे मांजर, बैल किंवा मुंडके नसलेला माणूस पहारा देतो. खणायला गेलेला कुदळ टाकून पळतो, किंवा मागे वळून पाहतो तर त्याचे घर पेटलेले दिसते. 1980 च्या फेब्रुवारीत डेरिनाफ्लॅनला बाप-लेक धातुशोधक यंत्र घेऊन गेले. मांजर आले नाही. सापडला तो आठव्या-नवव्या शतकांतला चांदीचा चषक, थाळी, गाळणी, असा संच, जो आज राष्ट्रीय संग्रहालयाची शान आहे. मग सुरू झाला खटला. सापडलेले कुणाचे? ज्याला सापडले त्याचे, जमीन मालकाचे, की सरकारचे? खालच्या न्यायालयाने संच किंवा त्याची लक्षावधी पौंडांची किंमत शोधणाऱ्यांना द्यायला सांगितले. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले: पुरातन ठेवा राष्ट्राचा, शोधणाऱ्याला वाजवी बक्षीस, बस्स. त्याच वर्षी धातुशोधक यंत्रांवर कायद्याने निर्बंध आले आणि 1994 मध्ये मालकीचा नियम कायद्यात पक्का झाला. काळ्या मांजराने शतकानुशतके जो निवाडा तोंडी दिला होता, की हे कुणा एकाचे नाही, खणू नका, तोच आता राजपत्रात छापून आला. फरक इतकाच की मांजराला बक्षीस द्यावे लागत नसे.

हे सगळे एवढे तपशिलात सांगता येते, कारण नव्या आयरिश राज्याने वेळेवर एक शहाणपणाचे काम केले. 1935 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने 1937 ते 1939 या काळात पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरी आजी-आजोबांकडे पाठवले. गावातले अवशेष, पवित्र विहिरी, पुरलेले सोने, जुनी दफनभूमी, असे विषय आखून दिलेले. मुलांनी वह्या भरल्या. सुमारे 7,40,000 पानांचा हा संग्रह आहे. त्यांत पुन्हा पुन्हा येणारी एक छोटी गोष्ट अशी: अमक्याने मठाचा दगड गोठ्याच्या भिंतीला नेला, त्याची गुरे मरू लागली, त्याने दगड रात्रीत परत आणून ठेवला. नाव, शेत, कधी कधी दगडही सांगितलेला असतो. साक्षीदारासह नोंदवलेला निकाल जसा असावा, तशीच ती गोष्ट.

पण लोककायद्याची आरती करताना त्याने कुणाला बाहेर ठेवले, हेही बघितले पाहिजे. फोरच्या गिरणीची बंदी बाईवर होती. ग्लेनडालॉकमध्ये तर बाईचा चक्क खून करून गोष्ट पूर्ण होते. वरच्या तळ्याच्या कड्यात एक छोटी गुहा आहे, तिला केविनचे अंथरूण म्हणतात. तिथे त्याच्यामागे आलेल्या कॅथलीनला त्याने तळ्यात ढकलले, असे नावाडी आणि वाटाडे सांगत आले. मध्ययुगीन लॅटिन चरित्रात मात्र असे काही नाही. तिथे तो मागे लागलेल्या मुलीला खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या पाल्याने फटकारतो आणि ती पुढे साध्वी होते. तेही आज कुणाला रुचू नये, पण निदान ती जगते. तळ्यात बुडालेली कॅथलीन लोकप्रिय केली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयरिश कवी टॉमस मूरच्या गीताने, आणि तिला पैसे मिळवून दिले वाटाड्यांनी. 1825 मध्ये कादंबरीकार वॉल्टर स्कॉटही त्या गुहेत रांगत शिरला होता. ज्या गोष्टीला लोक प्राचीन समजतात, ती प्रवाशांच्या गर्दीतच धारदार झाली.

क्लॉनमॅकनॉइजच्या साध्वींच्या चर्चचेही असेच. ते 1167 मध्ये पूर्ण केले डेरव्होरगिला या राणीने. तिच्याविषयी पुढच्या शतकांना आठवले ते इतकेच की 1152 मध्ये लेन्स्टरच्या राजाने तिला पळवून नेले, त्यातून वैर पेटले, आणि शेवटी 1169 मध्ये नॉर्मन आले. सगळ्या देशाच्या गुलामगिरीचे खापर एका बाईच्या डोक्यावर. तिने बांधलेले चर्च, त्याच्या दारावरचे नाजूक कोरीवकाम, मेलिफॉन्टच्या मठाला दिलेले सोने, यांची मात्र कुठे दंतकथा झाली नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव घालायला हा कायदाही सरकारी कायद्याइतकाच नाखूश होता.

चर्चनेही या लोककायद्याला नेहमी साथ दिली असे नाही. ग्लेनडालॉकला दर वर्षी 3 जूनला केविनची जत्रा भरे. जोसेफ पीकॉकने 1813 मध्ये रंगवलेल्या चित्रात ती दिसते: मनोऱ्याच्या पायथ्याशी तंबू, घोडे, दारू, भांडणे, आणि त्याच गर्दीत गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालणारे भाविक. 1862 च्या सुमारास डब्लिनचे आर्चबिशप पॉल कलन यांनी ती बंद पाडली. इंग्रजांच्या फटक्यांनी जे थांबले नाही, ते कॅथलिक धर्मगुरूंच्या शिस्तीने थांबले. मग उरली ती सभ्य दंतकथा: संताच्या तळहातावर घरटे करणारा काळा पक्षी, ज्याची पिल्ले उडून जाईपर्यंत केविनने हात हलवला नाही. ही गोष्टही जेराल्डनेच प्रथम लिहून ठेवली आहे. पर्यटन खात्याला तीच सोयीची. दारू प्यायलेल्या जत्रेचे स्मरणचिन्ह कोण विकणार?

म्हणून या स्थळांवरच्या माहितीफलकांबद्दल एक तक्रार रास्त आहे. दगडाचा काळ तिथे शतकासह दिलेला असतो, कमान रोमनेस्क की गॉथिक हे सांगितलेले असते, आणि कथा मात्र 'आख्यायिका अशी आहे की' या एका वाक्याने काळाबाहेर ढकलली जाते. क्लॉनमॅकनॉइजच्या पंधराव्या शतकातल्या दारापाशी, कमानीच्या एका टोकाशी कुजबुजले की दुसऱ्या टोकाला ऐकू येते. कुष्ठरोगी तिथून पापाची कबुली देत, असे सांगतात. ती गोष्ट केव्हा सुरू झाली, कोण सांगू लागले, हे विचारणे कमानीचे वय विचारण्याइतकेच गंभीर संशोधन आहे. स्लायगोच्या मठाबद्दलही तेच. 1642 मध्ये फ्रेडरिक हॅमिल्टनच्या सैन्याने तो जाळला; त्याची चांदीची घंटा गिल सरोवरात आहे आणि निष्पाप माणसालाच ती ऐकू येते, ही कथा त्या आगीनंतरचीच असणार. आग लावणाऱ्याला ती कधीच ऐकू येणार नाही, हे तिने आधीच ठरवून टाकले आहे.

अशा फलकांवर सहसा न येणारी एक गोष्ट या मठांच्या आवारात सर्वांत खोल रुजलेली आहे. बाप्तिस्मा होण्याआधी मेलेल्या अर्भकाला पवित्र भूमीत पुरायला कॅथलिक चर्च परवानगी देत नसे. मग बाप रात्री ते गाठोडे घेऊन जाई, तो पुष्कळदा एखाद्या सोडून दिलेल्या जुन्या मठाच्या कोपऱ्यात. अशी हजाराहून अधिक ठिकाणे आयर्लंडमध्ये नोंदली गेली आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांतली काही वापरात होती. तिथे नाव कोरलेला दगड नसे. शेतातले साधे धोंडे, फार तर गारगोटीचे पांढरे खडे. अशा जागेवर पाय पडला की माणसाला चकवा लागतो, ओळखीच्या शेतातून रात्रभर बाहेर पडता येत नाही, असे सांगत. त्या समजुतीमुळे तिथे नांगर फिरला नाही. बाईला गिरणीबाहेर ठेवणारा आणि अर्भकाला दफनभूमीबाहेर ठेवणारा समाज एकच होता. पण या दुसऱ्या बाबतीत चर्चच्या नियमाने ज्याला जागा नाकारली, त्याची जागा चकव्याच्या गोष्टीने राखली. गेल्या काही दशकांत गावकऱ्यांनी अशा ठिकाणी स्मारकशिळा उभारल्या, धर्मगुरूंना बोलावून प्रार्थना म्हणवून घेतल्या. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत ही मुले असणे शक्यच नव्हते. जागा कुठे ते सर्वेक्षणाचे काही जुने नकाशे सांगत होते, काही शाळकरी मुलांच्या त्या वह्या, आणि बाकीचे ती माणसे, ज्यांना लहानपणी बजावले होते की तिकडून जाऊ नकोस.